गणपती पेठेचं जोतं किती उंच हवं?

या अंकात सांगलीच्या गणपती पेठेविषयी आलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत.

गणपती पेठ ही देवळासाठी वसवलेली पेठ आहे की आधीपासूनची बाजारपेठ? — वाचक, कुपवाड

देऊळ आणि पेठ एकाच राजवटीची लेकरं आहेत. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे चुलते गंगाधररावांपासून वेगळे झाले आणि मिरज सोडून १८०१ मध्ये त्यांनी सांगलीला गादी आणली. त्याआधी हे कृष्णाकाठचं लहानसं गाव होतं. ‘सहा गल्ल्या’ म्हणून सांगली, अशी नावाची एक लोकप्रिय फोड आहे, त्यावरून गावाच्या आकाराची कल्पना यावी. आप्पासाहेबांनी खंदकाचा गणेशदुर्ग उभारला. पटवर्धनांचं दैवत गणपती, म्हणून नदीच्या बाजूला ज्योतिबाच्या डोंगरातल्या काळ्या दगडाचं देऊळ बांधायला घेतलं. हे काम १८४० च्या दशकात पुरं झालं. राजवाड्याकडून देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर दुकानं लागली, तीच ही पेठ. आजही संस्थानच्या गणपतीची मिरवणूक राजवाड्यातून निघून पटेल चौक, गणपती पेठ, देऊळ आणि टिळक चौक असं करत सरकारी घाटावर पोचते. पेठेचा मूळ आराखडा कुठल्या नकाशापेक्षा या मिरवणुकीत जास्त स्पष्ट दिसतो.

स्टेशन चौकात स्टेशन का नाही? — वाचक, पुणे

पूर्वी होतं. १९०७ मध्ये संस्थानने मिरज-सांगली ही छोटी शाखा टाकली, ती थेट गावात यायची. पुणे-मिरज मुख्य मार्ग तेव्हा सांगलीला बगल देऊन जायचा. १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला, सांगली मुख्य मार्गावर आली आणि गावातलं स्टेशन गेलं. नाव तेवढं राहिलं.

पेठेत आमचं जुनं दुकान आहे, आता नव्याने बांधायचं आहे. पुराचा विचार करता जोतं किती उंच घ्यावं? — वाचक, गणपती पेठ

आधी आपल्या उंबऱ्याची उंची ‘आयर्विनच्या फुटांत’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात त्या पाणीपातळीच्या फुटांत काढा. आयर्विन पुलावर (हा पूल १९२९ चा) पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ मध्ये साडेसत्तावन्नपर्यंत आणि २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. दुकानात २०१९ ची पाण्याची रेघ शोधा. भिंतीला रंग लावला असेल तर जिन्याची खालची बाजू, चौकटीची मागची कड, मीटरच्या फळीचं लाकूड इथे ती हमखास सापडते. उंबऱ्यापासून रेघेपर्यंतची उंची टेपने मोजा. समजा साडेपाच फूट भरली. साडेसत्तावन्नातून साडेपाच गेले, म्हणजे तुमचा उंबरा ५२ फुटांवर. २००५ ची रेघ मिळाली तर ती उंबऱ्याच्या फूट-दीड फूट वर यायला हवी, त्यावरून हिशोब ताडून पाहा. पूल आणि पेठ यांच्यामध्ये पाण्याला थोडा उतार असतो, म्हणून अर्धा फूट इकडेतिकडे धरा.

हा आकडा शटरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. पाणी ४५ वर असताना ५२ च्या उंबऱ्याला सात फूट उरतात. तासाला तीन इंच चढ असेल तर हाताशी २८ तास आहेत. सांगलीचा पूर लोंढा होऊन येत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी इथे पोचायला दिवसभराहून अधिक लागतो, आणि हरिपुराशी वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा तुंबली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही. पाणी गुपचूप चढतं, बऱ्याचदा रस्त्यावरून दिसायच्या आधी गटारातून उलटं येतं, आणि मग दिवसचे दिवस मुक्काम ठोकतं. तयारीला वेळ मिळतो, पण तो वेळ ‘एवढं वर येणार नाही’ म्हणण्यात जातो.

आता जोतं. साडेसत्तावन्नाच्या वर जोतं न्यायचं तर गिऱ्हाइकाला पाच-सहा फूट चढावं लागेल, ते जमणारं नाही. रस्त्यापासून दोन ते अडीच फूट घ्या. पायरी सहा-सात इंचांची ठेवा आणि सगळ्या पायऱ्या आपल्या हद्दीत बसवा, गटारावर नको. तळघर अजिबात काढू नका. असेल आणि त्यात पाणी शिरलं, तर पूर ओसरल्याबरोबर पंप लावून रिकामं करू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते, आतलं पाणी एकदम गेलं की तिचा सगळा रेटा भिंतीवर येतो आणि भिंत आत ढासळते. रोज थोडं थोडं उपसा.

मालाला खरा आधार वरच्या मजल्याचा, आणि तिथेच चूक होते. घरगुती स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वजनासाठी असतो. ५० किलोचं पोतं दोन फूट बाय तीन फूट जागा घेतं. दहा पोत्यांची थप्पी लावली की चौरस मीटरला जवळजवळ ९०० किलो होतात. म्हणून अभियंत्याला पहिल्याच बैठकीत सांगा, ‘वरचा मजला गोदामाचा धरा.’ जुन्या स्लॅबवर दोन थरांच्या वर जाऊ नका, आणि पोती मधोमध न लावता भिंतींच्या कडेने लावा.

आणखी एक गोष्ट आम्हाला मनापासून खुपते. डांबराच्या थरावर थर चढत जातो. एक थर ४० मिलिमीटरचा धरला तरी पाच वेळा रस्ता झाला की आठ इंच, म्हणजे तुमची एक पायरी गाडली गेली. जुन्या दुकानांच्या दगडी जोत्यांकडे पाहा, सगळ्यांत खालच्या घडीव दगडाची निम्मी उंची रस्त्यात बुडालेली दिसते. ज्यांनी ती जोती बांधली ते नदी ओळखून होते. आपण रस्ता वर उचलून त्यांची मेहनत फुकट घालवतो. रस्त्याचं काम निघालं की पेठेतल्या सगळ्यांनी मिळून लेखी मागणी करा: जुना थर खरवडून काढा, मगच नवा टाका.

पुरानंतर वाड्याच्या भिंतीचे पोपडे निघताहेत. सिमेंटचा गिलावा केला तर टिकेल का? — वाचक, गावभाग

नाही, उलट भिंत आतून सडेल. आपल्याकडच्या वाड्यांना खाली दगड आणि वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची (न भाजलेल्या विटांची) भिंत असते. ती पाणी पिते आणि हळूहळू सोडते. सिमेंट ते सोडू देत नाही. ओल वर चढते, क्षार फुटतात आणि सहा महिन्यांत सगळा गिलावा पोकळ वाजू लागतो. भिजलेला गिलावा रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पुढचा उन्हाळा जाऊ द्या आणि मग चुन्याचा गिलावा करा. घाई करायचीच असेल तर खांबांची करा: तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकलेलं सागवानी टोक टोचून पाहा. टोच्या सहज आत गेला तर आधी टेकू द्या.

पाणी येणार असं कळल्यावर कोणता माल आधी हलवावा? — किराणा व्यापारी, तासगाव

मीठ, साखर आणि गूळ आधी, ते विरघळून जातात. त्यानंतर डाळी आणि तांदूळ. ते फुगून पोती फोडतात आणि फुगलेली थप्पी भिंतीला रेटते. हळकुंड कडक असल्याने लोक ते मागे ठेवतात, वाळवून विकता येईल म्हणून. तसं करू नका. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं आणि बुरशी आतपर्यंत जाते. हरिपूरची जमिनीतली हळदीची पेवं २००५ च्या पुरात गेली, त्यातून हा धडा सगळ्या बाजाराने घेतला आहे. विम्यात इमारत आणि माल वेगवेगळे लिहिलेत का आणि दोन्हींसाठी ‘पूर’ हा शब्द आहे का, हे जूनच्या आत वाचून घ्या. स्टॉकचं रजिस्टर वरच्या मजल्यावर आणि त्याचे फोटो फोनमध्ये ठेवा. चिखल धुण्याआधी फोटो काढा, पंचनाम्याला तेच लागतात.

चोर गणपती म्हणजे काय, आणि पेठेतली मिरवणूक कोणत्या दिवशी पाहावी? — वाचक, इस्लामपूर

भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चतुर्थीच्या आधीच, देवळात गाजावाजा न करता जो गणपती बसतो तो चोर गणपती. मिरवणुकीसाठी पाचव्या दिवशी या. त्या दिवशी संस्थानच्या गणपतीचं विसर्जन असतं. पटेल चौकात गर्दी लवकर होते, म्हणून पेठेतल्या एखाद्या उंच जोत्याच्या दुकानाच्या पायरीवर दुपारीच जागा धरा. दुकानदार नाही म्हणत नाहीत.