ट्रॉम्बोनवादक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. महाविद्यालयाच्या अर्जात वादन, संगीतरचना आणि संगीतशिक्षण असे तीन रकाने आहेत, त्यांपैकी एकाच रकान्यात खूण करायची आहे, आणि या एका खुणेने पुढचे सगळे आयुष्य ठरणार या विचाराने तुझी झोप उडाली आहे, असे तू लिहितेस. खूण कुठे करावी हे मी पत्राच्या शेवटी सांगेन. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावीस असे वाटते. जॅझ ट्रॉम्बोनवादकाला, म्हणजे सरकत्या नळीचे (स्लाइडचे) हे पितळी वाद्य फुंकणाऱ्याला, वाजवणे, लिहिणे आणि शिकवणे ही तिन्ही कामे जन्मभर करावी लागतात, आणि जो ती पहिल्यापासून बरोबरीने शिकतो त्याचेच या व्यवसायात बस्तान बसते. सॅक्सोफोनवादक किंवा पियानोवादक नुसत्या सोलोच्या बळावर नाव काढू शकतो. केवळ ट्रॉम्बोनवादकाच्या नावावर श्रोते जमवणारे बँड मात्र पूर्वीही थोडे होते आणि आज त्याहून थोडे आहेत.

पण याच वाद्याने संगीतरचनेला फार मोठी माणसे दिली आहेत, आणि त्याचे कारण मला बँडमधल्या बैठकीत दिसते. सतरा जणांच्या बिग बँडमध्ये पुढे पाच सॅक्सोफोन, मागे चार ट्रम्पेट, मधल्या ओळीत चार ट्रॉम्बोन आणि बाजूला पियानो, गिटार, बास व ड्रम असतात. मधल्या ओळीत बसणाऱ्याच्या वाट्याला मुख्य सुरावट क्वचितच येते. मात्र पुढच्या आणि मागच्या ओळींत काय चालले आहे ते त्याला सतत ऐकू येते, आणि कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहातले, आतले स्वर त्याच्याच हाती असतात. दोन-चार वर्षे कान उघडे ठेवून तिथे बसलीस तर अरेंजमेंट, म्हणजे कोणत्या वाद्याने काय वाजवायचे याची मांडणी, कशी उभी राहते, कुठे कोसळते आणि का कोसळते, हे तुला पुस्तकाआधी कळेल. बॉब ब्रुकमायर, नेल्सन रिडल, मेल्बा लिस्टन हे सगळे त्याच ओळीतून वर आले.

अमेरिकेतल्या आपल्या इंडियाना राज्यातले उदाहरण तर घराजवळचेच आहे. जे. जे. जॉन्सन, डेव्हिड बेकर आणि स्लाइड हॅम्प्टन हे तिघेही इंडियानापोलिसमध्ये वाढले. तिघेही ट्रॉम्बोनवादक, तिघेही रचनाकार. १९२४ मध्ये जन्मलेल्या जॉन्सन यांनी बीबॉप या जॅझच्या द्रुत शैलीतल्या वेगवान ओळी स्लाइडवर इतक्या स्वच्छ वाजवल्या की ऐकणाऱ्यांना तो वॉल्व्हचा, म्हणजे कळा दाबून वाजवायचा, ट्रॉम्बोन वाटे. एवढ्या मोठ्या वादकालाही १९५२ ते १९५४ या काळात पुरेसे काम मिळेना, तेव्हा त्यांनी एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे तपासण्याची नोकरी केली. १९५४ मध्येच ट्रॉम्बोनवादक काइ विंडिंग यांच्याबरोबर दोन ट्रॉम्बोनचा त्यांचा बँड उभा राहिला, आणि १९७० मध्ये ते चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी संगीत लिहायला कॅलिफोर्नियाला गेले. नोकरी करावी लागली म्हणजे वादक संपला, असे तुझ्या घरी कोणी म्हणाले तर त्यांना ही हकीकत सांग.

डेव्हिड बेकर यांचे आयुष्य मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सविस्तर सांगतो. १९३१ चा त्यांचा जन्म. त्यांनी इंडियाना विद्यापीठातून संगीतशिक्षणाच्या पदव्या घेतल्या आणि रचनाकार जॉर्ज रसेल यांच्या बँडमध्ये त्यांचा ट्रॉम्बोन गाजू लागला. परंतु १९५३ मध्ये मोटार अपघातात त्यांच्या जबड्याला इजा झाली होती, ती पुढे इतकी बळावली की साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना ट्रॉम्बोन खाली ठेवावा लागला. तिशीत वाद्य सुटणे म्हणजे काय याची कल्पना कर. त्यांनी चेलो हातात घेतला आणि अगदी प्राथमिक धड्यापासून सुरुवात केली. १९६६ मध्ये ते आपल्याच विद्यापीठात शिकवायला आले, तिथे त्यांनी जॅझचा पदवी अभ्यासक्रम उभा केला आणि चार दशकांहून अधिक काळ तो चालवला. यानोस श्टार्कर यांच्यासारख्या श्रेष्ठ चेलोवादकासाठी त्यांनी कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, लिहिला, आणि रँडी ब्रेकर, पीटर अर्स्किन यांच्यासारखे वादक त्यांच्या हाताखालून गेले. जबडा गेल्यावर ते उभे राहू शकले, कारण लिहिण्याची आणि शिकवण्याची विद्या त्यांनी ओठ शाबूत असतानाच कमावली होती. म्हणूनच रचना पुढे बघू, शिकवणे म्हातारपणी बघू, ही भाषा मला मान्य नाही.

आता प्रत्यक्ष वादनाविषयी. तुझा आवाज भरदार आहे आणि श्वासही चांगला आहे, पण स्लाइड तू अजून घाईने मारतेस. मागच्या ध्वनिमुद्रणात मधल्या सी वरून वरच्या डी वर जाऊन खालच्या जी वर उतरणारी एक साधी ओळ होती. सी तिसऱ्या पोझिशनला, म्हणजे स्लाइडच्या सात जागांपैकी तिसऱ्या जागी, डी पहिल्या पोझिशनला आणि जी चौथ्याला, असे तू वाजवलेस. म्हणजे स्लाइड आधी आत ओढली आणि लगेच तीन घरे बाहेर फेकली, आणि त्या फेकण्यात जी खाली घसरला. तोच डी चौथ्या पोझिशनलाही मिळतो. सी नंतर हात एकच घर पुढे गेला की डी आणि जी दोन्ही तिथेच आहेत. अशा पर्यायी पोझिशन प्रत्येक सुरावटीत शोधून पेन्सिलने लिहून ठेव. वेगाचे निम्मे रहस्य त्यात आहे. उरलेले निम्मे जिभेत आहे, कारण या वाद्यावर दोन स्वर जिभेचा हलका स्पर्श न देता जोडले तर मधली सगळी घसरण ऐकू येते. ट्रॉम्बोनवादक कार्ल फोंटाना यांची ध्वनिमुद्रणे ऐक, आणि ऐकलेली ओळ आधी गाऊन, मग वाजवून, मग कागदावर उतरवून काढ. हा क्रम उलटा करू नकोस. जी ओळ गळ्यातून नीट निघत नाही ती स्लाइडवर सुरात येत नाही, कारण स्लाइडवर खुणा नसतात आणि जागा कानालाच शोधावी लागते. रियाझात जितका वेळ वाजवशील तितकीच विश्रांती ओठांना दे. सुजलेल्या ओठांनी तासभर अधिक वाजवले तर दुसरा दिवसही हातचा जातो.

लिहायला या महिन्यापासूनच लाग. पहिली रचना चार ट्रॉम्बोनसाठीच कर. तुझ्या शाळेत तेवढे वादक सहज मिळतील, आणि ट्रॉम्बोनचा स्वर जसा लिहिला तसाच वाजतो, त्यामुळे पट्टी बदलण्याचा गोंधळ होणार नाही. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटसाठी लिहू लागशील तेव्हा पियानोचा सी हा आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए होतो आणि ट्रम्पेटच्या कागदावर डी होतो, हे हाडीमासी खिळवावे लागेल. खालच्या सप्तकात चार स्वर एकमेकांना चिकटवू नकोस, आवाज गढूळ होतो. आणखी एक बारकावा सांगतो, जो ट्रॉम्बोन न वाजवणाऱ्या रचनाकारांच्या हमखास नजरेतून सुटतो. बास क्लेफच्या (खालच्या स्वरांसाठीच्या पाच रेषांच्या) दुसऱ्या रेषेवरचा बी-फ्लॅट पहिल्या पोझिशनला आहे आणि त्याच रेषेवरचा साधा बी, जोडीचा वॉल्व्ह नसलेल्या वाद्यावर, सातव्या पोझिशनला आहे. कागदावर अर्ध्या स्वराचे अंतर, हाताला मात्र पूर्ण स्लाइडचे. या दोन स्वरांत भरभर ये-जा लिहिली की वादक मनातल्या मनात रचनाकाराचा उद्धार करतो. तुला हे हाताने माहीत आहे, म्हणून तू लिहिलेले वादकांना आवडेल.

मुलगी म्हणून या ओळीत बसण्याची धास्ती वाटते असे तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, पण मी ते वाक्य ओलांडून जाणार नाही. मेल्बा लिस्टन यांनी हे सर्व तुझ्या कितीतरी आधी सोसले. १९२६ मध्ये कॅन्सस सिटीत जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या लिस्टन १९५६ मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या बँडबरोबर परदेश दौऱ्यावर गेल्या. बाईला का घेतले म्हणून काही वादक कुरकुरत होते, आणि तिने लिहिलेली अरेंजमेंट वाजवून पाहिल्यावर ती कुरकुर थांबली, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. त्याआधी, दौऱ्यांना कंटाळून, त्यांनी शिक्षण खात्यात कारकुनीही केली होती. सत्तरच्या दशकात त्या जमैकाला जाऊन संगीत विद्यालयात शिकवत होत्या, आणि १९८५ मध्ये पक्षाघाताने वादन थांबल्यावरही संगणकाच्या मदतीने पियानोवादक रँडी वेस्टन यांच्यासाठी लिहीत राहिल्या. दुप्पट चांगले असावे लागते हा अन्याय आहे आणि तो मी न्याय्य ठरवणार नाही. परंतु तुला कोणी अपमानकारक बोलले, एकटीला थांबवून घेतले किंवा हात लावला, तर गप्प राहू नकोस. त्याच दिवशी मला किंवा विश्वासातल्या दुसऱ्या शिक्षकाला सांग. कुठलाही बँड त्यापुढे महत्त्वाचा नाही.

शिकवण्याची सुरुवात शेजारच्या पाचवी-सहावीतल्या एका मुलापासून कर. दहा वर्षांच्या मुलाचा हात सातव्या पोझिशनपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा त्याला रागावून उपयोग नाही. ट्रॉम्बोनवादक जॅक टीगार्डन लहानपणी हात पुरत नाही म्हणून जवळच्या पोझिशनमध्येच स्वर शोधायला शिकले, आणि त्यांची सहज वाटणारी शैली त्यातून घडली असे मानले जाते. तुला जे आपोआप येते ते दुसऱ्याला समजावताना तुझे तुलाच नीट कळू लागेल. फी ठरवून घे, वेळ पाळ आणि हिशेब वहीत लिही. स्वतंत्र काम करणाऱ्याला इथे दर तिमाहीला अंदाजे कर भरावा लागतो, हे अनेक तरुण वादकांना पहिली नोटीस आल्यावर कळते. रचना सादर होऊ लागल्या की बीएमआय किंवा ॲस्कॅप, म्हणजे रचनाकारांचे सादरीकरणाचे मानधन गोळा करणाऱ्या संस्था, यांपैकी एकीत नाव नोंदव आणि रचनेचे हक्क न वाचता कोणाला लिहून देऊ नकोस. पुढे न्यूयॉर्कला गेलीस तर बीएमआयची जॅझ रचनाकारांसाठीची कार्यशाळा चालू आहे का ते विचार. १९८८ मध्ये ती सुरू करणाऱ्यांत ब्रुकमायर होते.

दादरला असलेल्या तुझ्या आजोबांना लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांपुढे येतो आणि नातीची काळजी वाटते. ती काळजी मायेपोटी आहे, तिला उलट उत्तर देऊ नकोस. त्यांच्या तरुणपणीच्या हिंदी चित्रपटगीतांमागे गोव्याहून मुंबईत आलेले किती वादक होते, हे त्यांना आठवून दे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले हे लोक रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत बसत, आणि त्यांच्यापैकी काही अरेंजर झाले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाचे काम सांभाळले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत, अरेंजमेंट लिहीत आणि शिकवतही. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. आजोबांना यातली गाणी पाठ असतील, आणि तुमचे बोलणे तिथून सुरू होऊ शकेल.

राहिला तुझा रकाना. संगीतशिक्षणाच्या रकान्यात खूण कर. या देशात सरकारी शाळेत शिकवायला राज्याचा परवाना लागतो आणि तो पदवीबरोबर मिळवणे सर्वांत सोपे असते. उलट बिग बँड, छोटे बँड आणि रचनेचे वर्ग त्या पदवीत राहूनही करता येतात, कारण चांगला ट्रॉम्बोनवादक प्रत्येक बँडला हवा असतो. अभ्यासाचा भार अधिक पडेल, विशेषतः शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सत्रात, त्याची तयारी ठेव. मात्र ज्या विद्यापीठात त्या पदवीच्या विद्यार्थ्यांना मुख्य जॅझ बँडच्या चाचणीला बसू देत नाहीत, तिथे अर्ज करू नकोस. हे फोन करून आधीच विचार.

चार ट्रॉम्बोनची रचना बत्तीस बारांची, म्हणजे मात्रांच्या बत्तीस गटांची, असू दे, आणि चारही वादकांचे कागद वेगवेगळे, स्वच्छ अक्षरात काढून महिनाअखेर पाठव. शनिवारी माझ्याकडे तिघे विद्यार्थी येतात, चौथी तू. त्या दिवशीच वाजवून पाहू.

तुझा शुभचिंतक,
शिक्षक