जीपीएस येण्याआधी सर्वेक्षणाची विमानं डॉप्लर रडारवर कशी उडायची?

तुम्ही विचारलंय की जीपीएस नव्हता तेव्हा सर्वेक्षणाची विमानं निर्जन जंगलावरून सरळ रेषेत कशी जायची, आणि डॉप्लर रडारवरून त्यांना आपली जागा कळायची का. जुन्या हवाई छायाचित्रांवरून नकाशे करणं हे माझं कामच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागा थेट कळत नसे. कळायचा तो जमिनीसापेक्ष वेग, आणि वारा विमानाला किती बाजूला ढकलतोय तो कोन, म्हणजे ड्रिफ्ट.

विमानाच्या पोटाखालच्या अँटेनातून तीन-चार बीम तिरके खाली सोडलेले असतात, काही पुढे, काही मागे. परत आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी विमानाच्या वेगामुळे बदललेली असते, हाच डॉप्लर परिणाम. 13.325 गिगाहर्ट्झचा बीम क्षितिजापासून 70 अंश खाली झुकलेला असेल आणि विमान सेकंदाला 100 मीटर जात असेल, तर हा बदल जेमतेम 3 किलोहर्ट्झ भरतो. तेरा अब्जांत तीन हजार, आणि तरी तो नेमका मोजता येतो! पुढच्या आणि मागच्या बीमची वजाबाकी केली की नाक वर-खाली झाल्याने येणारी चूक बरीचशी निघून जाते. डाव्या-उजव्या फरकातून ड्रिफ्ट मिळतो.

फोटो काढणाऱ्यांना हेच दोन आकडे हवे असत. बाजूचा वारा असला की पायलट नाक वाऱ्याकडे वळवून रेषा धरतो. कॅमेरा तसाच सरळ ठेवला तर प्रत्येक फोटो वाकडा पडतो आणि शेजारच्या पट्टीशी जुळवताना फटी राहतात. म्हणून ड्रिफ्टइतका कॅमेरा त्याच्या माउंटमध्ये फिरवायचा. आणि वेग हवा तो शटरसाठी. 23 सेंमीचा फोटो, 1:50,000 प्रमाण आणि 60 टक्के ओव्हरलॅप (लागोपाठच्या दोन फोटोंत सामाईक येणारा भाग) धरला तर दर 4.6 किमीला एक फोटो लागतो. सेकंदाला 100 मीटर वेगाने 46 सेकंदांनी. समोरच्या वाऱ्याने वेग 80वर आला की साधारण 57 सेकंदांनी.

वेग आणि दिशा यांची बेरीज करत जागा काढायची, पण हे गणित दिशेवर अडतं. वेग कितीही अचूक असो, हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, एका अंशाने चुकलं तर 100 किमीनंतर विमान पावणेदोन किमी बाजूला असतं. उत्तर कॅनडात हे फार जाणवायचं. चुंबकीय ध्रुव जवळ, त्यामुळे होकायंत्रावर भिस्त ठेवता येत नाही, जायरो (फिरत्या चाकाच्या जोरावर दिशा धरून ठेवणारं यंत्र) लागतो. शिवाय तिथे तळीच तळी. शांत पाण्यावर पडलेली लहर बहुतांशी पुढे निसटते, परत फारशी येत नाही. मग यंत्र मेमरीवर जातं आणि शेवटचाच वेग नि ड्रिफ्ट पुढे चालवत राहतं.

म्हणूनच चुंबकीय सर्वेक्षणात (विमानातून जमिनीचं चुंबकीय क्षेत्र मोजताना) खाली रोखलेला एक फिल्म कॅमेराही चालू ठेवत. नंतर टेबलावर बसून तळ्याचा कोपरा, नदीचं वळण फोटोत ओळखायचं आणि तेवढ्या बिंदूंना डॉप्लरचा मार्ग बांधायचा. दोन बिंदूंच्या मधला मार्ग डॉप्लर फार सुरेख भरतो. माझ्या मते त्याची खरी किंमत तिथेच आहे.

1995मध्ये जीपीएस पूर्ण क्षमतेने सुरू झाला आणि सर्वेक्षणाच्या विमानांतून डॉप्लर मागे पडला. हेलिकॉप्टर एका जागी स्थिर धरायला तो आजही वापरतात. तुमच्या हातात त्या काळातले चुंबकीय नकाशे असतील, तर आधी तळ्यांचे काठ आजच्या उपग्रहचित्रांशी जुळवून बघा. ओळखलेले बिंदू जिथे विरळ आहेत, तिथे रेषा सरकलेल्या असू शकतात.