आई-बाबांसोबत बोलोन्यात तीन दिवस, गाइडशिवाय आणि पायी: मार्ग कसे आखावेत?

तुम्ही विचारलंय की आई-बाबांना घेऊन इटलीतल्या बोलोन्यात तीन पूर्ण दिवस आहेत, बाबांना इतिहासाचं वेड आहे, आईचे गुडघे कुरकुरतात, ती शाकाहारी आहे आणि गाइड घ्यायचा नाहीये. ‘पाहायलाच हवीत अशी वीस ठिकाणं’ छापाच्या याद्या वाचून डोकं फिरलंय, तेव्हा एखादा विषय धरून कसं फिरायचं? मी तिथे शिकायला होतो आणि आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला फिरवायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. त्या अनुभवावर लिहितोय.

त्या याद्या बाजूला ठेवा. रांग लावून बघावं आणि ‘झालं एक’ म्हणून पुढे जावं, असं बोलोन्यात फ्लॉरेन्सच्या मानाने फारच थोडं आहे. हे शहर चालता चालता, मध्येच थांबून वर बघताना कळतं. म्हणून दिवसाला एकच प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर शोधत चाला. जुन्या वेशींच्या आतलं गाव लहान आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात पोचता.

पहिल्या दिवशीचा प्रश्न: डोक्यावरचं छप्पर कोणाच्या मालकीचं?

बोलोन्यात उतरल्यापासून तुम्ही कमानींच्या खालून चालत असता. त्यांना पोर्तिको म्हणतात. आपल्याकडच्या घराची पडवी रस्त्यावर काढावी आणि ती सलग गावभर जोडत न्यावी, असा हा प्रकार. जुन्या गावात अशा पोर्तिकोंची लांबी सुमारे 38 किलोमीटर भरते, बाहेरच्या वस्त्या धरल्या तर 62. 2021 साली युनेस्कोने त्यांतल्या निवडक भागांना जागतिक वारशात घेतलं.

सुरुवात सरळ लोभातून झाली. विद्यापीठामुळे गावात माणसांची रीघ लागली, जागा अपुरी पडू लागली आणि घरमालकांनी वरचे मजले तुळयांवर रस्त्याच्या बाजूला पुढे काढले. तुळया वाकू नयेत म्हणून खाली खांब आले. इतर गावांनी अशी वाढीव बांधकामं पाडायला लावली. बोलोन्याने 1288 मध्ये उलटा नियम केला: प्रत्येक नव्या घराला पोर्तिको हवाच, जागा मालकाची, बांधायचा आणि दुरुस्तीचा खर्चही मालकाचा, पण खालून जायचा हक्क सगळ्यांचा. उंचीही ठरवून दिली, बोलोन्याच्या मापाने सात फूट, म्हणजे साधारण 2.66 मीटर. घोड्यावरचा माणूस खालून जाऊ शकला पाहिजे हा हिशोब. अतिक्रमणावर इतका हुशार तोडगा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे डोक्यात ठेवून स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरच्या कासा इसोलानी या जुन्या घरापासून निघा. तिथे तेराव्या शतकातले ओकचे उंच लाकडी खांब अजून उभे आहेत. 1568 मध्ये लाकडी खांब काढून विटा-दगडाचे बसवायचा हुकूम निघाला, त्यातून वाचलेल्या मोजक्या घरांपैकी हे एक. वर छतात बाण रुतलेत म्हणून लोक माना वर करून शोधत असतात. बाणांमागची गोष्ट दंतकथा आहे, पण शोधायला मजा येते, आणि आईंना तेवढीच विश्रांती. त्याच रस्त्याने पुढे सांता मारिया देई सेर्वी चर्चचा रुंद, नाजूक खांबांचा पोर्तिको बघा. मग मागे फिरून सांतो स्तेफानोच्या चौकात या. एकमेकांत गुंतलेल्या चर्चचा तो समूह आत जाऊन बघायलाच हवा. तिथून पियात्सा माज्जोरे हा मुख्य चौक, आणि तिथल्या सान पेत्रोनियो चर्चच्या बाजूचा पावालियोने, जिथे महागडी दुकानं एका ओळीत आहेत. तो श्रीमंतांचा पोर्तिको. संध्याकाळी मुद्दाम पश्चिमेला, सारागोत्सा वेशीकडच्या व्हिया सांता कातेरीनाला जा. तिथे तोच पोर्तिको बुटका, अरुंद आणि साधा होतो, कारण ती गरिबांची वस्ती होती. नियम एकच, ऐपत वेगळी. हा फरक कोणी सांगावा लागत नाही, खांबांना हात लावला की कळतो.

पाऊस असेल तर हा दिवस त्या दिवशी ठेवा. छत्री जवळजवळ लागत नाही.

डोंगरावरच्या सान लुका देवळाचं काय, असं विचारालच. सारागोत्सा वेशीपासून त्या देवळापर्यंत 666 कमानींचा, पावणेचार किलोमीटरच्या आसपासचा अखंड पोर्तिको आहे. बांधायला 1674 मध्ये सुरुवात झाली. दरवर्षी वसंतात वरची मेरीची प्रतिमा मिरवणुकीने गावात आणतात, ती पावसात भिजू नये हा त्यामागचा हेतू. मेलोंचेल्लोच्या कमानीपर्यंत रस्ता सपाट आहे, तिथून पुढे खडा चढ आणि पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे बहुतेक प्रवासी विसरतात आणि ‘वर गाडीने, खाली पायी’ असा सल्ला देतात. तुमच्यासाठी उलट करा: आई पियात्सा माज्जोरेहून सुटणाऱ्या पर्यटकांच्या छोट्या गाडीने वर जातील, तुम्ही आणि बाबा पायी चढा, उतरताना तिघंही त्याच गाडीने या.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न बाबांसाठी: ज्ञानाची किंमत कोणी मोजली?

विद्यापीठ आपली स्थापना 1088 ची सांगतं, पाश्चात्त्य जगातलं सगळ्यात जुनं. पण कित्येक शतकं त्याला स्वतःची इमारतच नव्हती, मास्तर जागा भाड्याने घेऊन शिकवायचे. म्हणून सुरुवात इमारतीपासून नको, थडग्यांपासून करा. सान दोमेनिको चर्चसमोरच्या चौकात खांबांवर उचललेली, वर टोकदार छपराची थडगी दिसतील. ती राजांची नाहीत, कायदेपंडितांची आहेत. सान फ्रान्चेस्को चर्चच्या मागेही तशीच आहेत. कायद्याच्या मास्तरांना गावाने अशा उंचीवर ठेवलं, यावरून त्या काळचं गाव ओळखा. सान दोमेनिकोच्या आत संत डॉमिनिकच्या समाधीवर मायकेलअँजेलोने विशीच्या उंबरठ्यावर केलेल्या तीन छोट्या मूर्ती आहेत. गर्दी नसते, हवा तेवढा वेळ उभे राहा.

तिथून आर्किजिन्नाझियो पाच-सात मिनिटांवर. विखुरलेले वर्ग एका छपराखाली आणायला 1563 मध्ये ही इमारत उभी राहिली. भिंती आणि छतं विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी भरून गेली आहेत, हजारोंनी. वरच्या मजल्यावर 1637 चं शरीरविच्छेदनाचं सभागृह आहे: चहूबाजूंनी लाकडी बाकं, मधे संगमरवरी टेबल, आणि मास्तरांच्या आसनावरचं छत्र तोलून धरणारे कातडी सोललेले दोन लाकडी पुरुष. 29 जानेवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात हे सगळं कोसळलं होतं. ढिगाऱ्यातून वेचलेल्या तुकड्यांनिशी ते पुन्हा उभं केलं. हे माहीत असलं की बाकांकडे बघायची नजर बदलते.

बाहेरच्या चौकात लुइजी गाल्वानीचा पुतळा आहे, हातातल्या पाटीवर बेडूक. बेडकाचे पाय विजेने उडतात हे दाखवणारा तो हाच. मग सान पेत्रोनियोच्या आत, दुपारी. 1655 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनीने इथे जमिनीवर 66.8 मीटर लांबीची एक रेघ बसवली. छताजवळच्या भोकातून सूर्याचं बिंब आत येतं आणि सूर्य माथ्यावर आला की बरोबर त्या रेघेवरून सरकतं. रोज सरकणाऱ्या या बिंबाचा आकार मोजून कासिनीने ग्रहांच्या कक्षांबद्दलच्या केप्लरच्या सिद्धान्ताच्या बाजूने पुरावा उभा केला, आणि तोही चर्चच्या आत, गॅलिलिओवर खटला चालून जेमतेम बावीस वर्षं झालेली असताना. मात्र ‘मध्यान्ह’ म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. हिवाळ्यात साधारण सव्वाबारा, उन्हाळी वेळ लागू असताना सव्वा. दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा. ढग असतील तर दुसऱ्या दिवशी.

दुपारनंतर व्हिया झांबोनीवरचं पालात्सो पोज्जी, म्हणजे विद्यापीठाचं संग्रहालय. मेणाच्या शारीरिक प्रतिकृती बघायला आईंना किळस वाटली तर बाहेर कॉफी प्यायला जागा भरपूर आहेत, पण अॅना मोरांदी मान्झोलिनीचा कक्ष तरी दाखवा. अठराव्या शतकातल्या या बाईंनी स्वतःची आणि नवऱ्याची मेणाची प्रतिमा केली. त्यात नवरा माणसाचं हृदय हाताळतोय आणि बाई स्वतः मेंदू उघडतायत. कोणाच्या हातात काय द्यायचं हे ठरवणाऱ्याही त्याच. याच विद्यापीठात 1732 मध्ये लॉरा बास्सी पदवी घेऊन शिकवायला लागल्या. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तेवढं आधी तपासा.

मनोऱ्यांबद्दल थोडक्यात. मध्ययुगात इथे घराण्याघराण्यांनी चढाओढीने ऐंशी-शंभर मनोरे बांधले असं मानतात, त्यांतले वीसेक उरलेत. 97 मीटरच्या आसिनेल्लीवर चढायचा बेत असेल तर सोडून द्या: शेजारचा कललेला गारिसेंडा धोकादायक ठरल्यामुळे 2023 च्या शरद ऋतूपासून आसिनेल्लीही बंद आहे. खालून बघा. तसंही पदवी मिळायच्या आधी आसिनेल्लीवर चढलं तर पदवी मिळत नाही, असं इथले विद्यार्थी मानतात. मीही मानायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळचा प्रश्न: पाणी गेलं कुठे?

बोलोन्याच्या मध्यातून नदी वाहत नाही, तरी एके काळी इथून होडीत बसून फेर्राराकडे आणि पुढे व्हेनिसपर्यंत जाता यायचं. कासालेक्कियोला रेनो नदीवर बंधारा घालून पाणी कालव्याने गावात आणलं, आणि ते घरांच्या तळघरांतून फिरवून रेशमाच्या गिरण्यांची यंत्रं चालवली. पाण्यावर चालणारी ही यंत्रं बोलोन्याचं गुपित होतं. हा धंदा बुडाला, मग विसाव्या शतकात कालवे झाकून वर रस्ते केले. नावं मात्र राहिली: व्हिया रिव्हा दी रेनो, म्हणजे रेनोकाठचा रस्ता, व्हिया देल्ले मोलिने, गिरण्यांचा, आणि व्हिया देल पोर्तो, बंदराचा. या रस्त्यांवरून चालत ही नावं जोडत गेलात की झाकलेला कालवा नकाशावर आपोआप उमटतो.

व्हिया पिएल्लावर भिंतीत एक छोटी खिडकी आहे, उघडली की घरांमधून वाहणारा मोलिने कालवा दिसतो. तिथे फोटोसाठी रांग लागते. मला तिचं फारसं कौतुक नाही, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या कठड्यावरून तोच कालवा रांगेशिवाय दिसतो. त्यापेक्षा वेळ असेल तर नाव्हीले कालव्याकाठच्या जुन्या वीटभट्टीतलं उद्योग-वारसा संग्रहालय बघा. रेशमाच्या गिरणीची चालती प्रतिकृती तिथे आहे, आणि बाबा तासभर हलणार नाहीत.

जुन्या बंदराजवळ पोर्ता लामेची वेस लागते. 7 नोव्हेंबर 1944 ला इथे जर्मन आणि फॅसिस्ट फौजांशी बंडखोरांची मोठी लढाई झाली. वेशीपाशी दोन तरुण बंडखोरांचे पुतळे आहेत, एक पुरुष, एक बाई. त्यांचं ब्राँझ मुसोलिनीच्या घोड्यावरच्या पुतळ्याचं आहे, तो वितळवून हे केले. नेपच्यूनच्या कारंज्याशेजारच्या भिंतीवर मारल्या गेलेल्या बंडखोरांचे फोटो ओळीने लावले आहेत, तिथेही जा. 

दुपारी रेल्वेने फोर्लीला जा, तिथे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. गाड्या सतत असतात, साधारण तासाभराचा प्रवास. स्टेशनवर पोचाल तेव्हा बाहेरच्या भिंतीवरचं 10:25 ला थांबवलेलं घड्याळ बघून घ्या: 2 ऑगस्ट 1980 ला इथल्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटून 85 माणसं गेली. कास्तेल बोलोन्येसे आणि फाएंत्सा यांच्या मध्ये गाडी सेनियो नदी ओलांडते. दिसायला ओढ्याएवढी, पण दोन्ही बाजूंना उंच बांध. 9 एप्रिल 1945 ला याच नदीवर, खालच्या अंगाला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव लढले. जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन पाणी ओलांडलं, परत जाऊन दुसऱ्याला आणलं, मग एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले आणि बांधावर उभं राहून गर्जना करत मागच्या तुकड्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते जिवंत परतले. बारा दिवसांनी, 21 एप्रिलला, बोलोन्या मुक्त झालं. या आघाडीवर पडलेल्या अनेक हिंदी सैनिकांची दफनभूमी फोर्लीत आहे, आणि ज्यांचं दहन झालं त्यांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. स्टेशनवरून टॅक्सी करा, आईंना चालवू नका. 

खाण्याचं: ‘तोर्तेल्लिनी’ घेऊ नका, सारणात डुकराचं मांस असतं आणि रस्साही मांसाचा. त्यांच्याहून मोठे ‘तोर्तेल्लोनी’ रिकोत्ता चीज आणि पालेभाजी भरलेले, लोणी आणि सेजच्या पानांत परतून मिळतात, ते आईंना आवडतील. ‘सेन्त्सा कार्ने’, मांस नको, एवढं म्हणायला शिका. आई चीजबाबत काटेकोर असतील तर लक्षात घ्या, पार्मिज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या विरजणाने लावतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळणं अवघड, म्हणून पाच वाजता काहीतरी पोटात टाका.

दिवस कमी पडले तर तिसऱ्या सकाळची पाण्याची वाट अर्धी करा, पण फोर्लीची गाडी चुकवू नका.