मिलर यांचे भाकीत: जगबुडी, प्रलय की पुनरागमन?

प्रश्न असा आहे: ‘१८४४ मध्ये अमेरिकेतील विल्यम मिलर यांचे जगबुडीचे भाकीत फसले’ हे वाक्य बरोबर आहे का, की ‘जगबुडी’च्या जागी ‘प्रलय’ हवा? आणि ते खोटे ठरले त्या दिवसाला इंग्रजीत ‘ग्रेट डिसअपॉइंटमेंट’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे?

‘जगबुडी’ इथे नको. बोलताना आपण तो कुठल्याही सर्वनाशाला लावतो, पण त्यातले बुडणे पाण्यातलेच आहे. बायबलमधली जगबुडी नोहाच्या काळी होऊन गेली. मराठी बायबलात तिला ‘जलप्रलय’ म्हटले आहे. पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही, हा देवाचा करार उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात आहे. पुढचा नाश अग्नीने, असे पेत्राचे दुसरे पत्र सांगते.

‘प्रलय’ थोडा जवळचा, तरी त्यामागे कल्पांचे चक्र आहे: प्रलय होतो आणि पुन्हा सृष्टी उभी राहते. ख्रिस्ती श्रद्धेत शेवट एकदाच: ख्रिस्त परत येतो, मेलेले उठतात, न्याय होतो. ‘पुनरागमन’, ‘न्यायाचा दिवस’, ‘युगाची समाप्ती’ हे शब्द मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेले आहेत, तेच घ्यावेत.

मिलर यांचे भाकीत पुनरागमनाचेच होते. न्यूयॉर्क राज्यातल्या या बाप्टिस्ट शेतकऱ्याचा आधार दानीएल ८:१४. तिथे २,३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असे आहे. मिलर यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष धरले, पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि शुद्धी अग्नीने होणार असे मानले. मोजणी सुरू केली इ.स.पू. ४५७ पासून, कारण पर्शियाच्या अर्तहशश्त राजाने ज्यू धर्मशास्त्री एज्राला दिलेले फर्मान त्या वर्षाचे धरतात. २,३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. मुदत ठरली २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४.

ती टळल्यावर चूक सापडली ती हिशेबाची: इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य साल नाही. एक वर्ष वाढवावेच लागते. मग मिलर यांचे अनुयायी सॅम्युअल स्नो यांनी ज्यू पंचांगातल्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, धरला. प्रचलित ज्यू पंचांगाने तो २३ सप्टेंबरला येत होता. स्नो यांनी कराइत या ज्यू पंथाची गणना घेतली आणि तारीख निघाली २२ ऑक्टोबर १८४४. बेरीज-वजाबाकी अशी बिनचूक होत गेली, तसा लोकांचा विश्वास पक्का होत गेला. न तपासलेले गृहीतक राहिले ते दिवसाला वर्ष धरण्याचे.

त्या दिवसाला ‘महान निराशा’ म्हणू नये. मराठीत ‘महान’ गौरवाचा शब्द आहे. ‘घोर निराशा’ म्हणावे. विवेचनात ‘अपेक्षाभंग’ अधिक नेमका, कारण वाट पाहणे त्यात आहे. ‘फसले’ऐवजीही ‘खोटे ठरले’ बरे. ‘फसणे’ला फसवणुकीची छटा चिकटते, आणि मिलर शेवटपर्यंत मनापासून वाट पाहत राहिले. निराश अनुयायांपैकी काहींनी पवित्रस्थान स्वर्गात आहे असा नवा अर्थ लावला. त्यातूनच १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची स्थापना झाली. पुण्यातले स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे.

‘जगबुडी’ अक्षरशः लागू पडते ते १५२४ ला. जर्मन ज्योतिषी योहानेस श्टोफलर यांच्या १४९९ च्या पंचांगात फेब्रुवारी १५२४ मध्ये जलराशीत ग्रहांच्या अनेक युती दाखवल्या होत्या. त्यांनी मोठ्या उलथापालथीचे संकेत दिले होते. त्याला जगबुडीचे भाकीत जोडले ते इतरांनी. युरोपभर पुस्तिकांचा पूर आला. इटलीच्या आगोस्तिनो निफो यांनी १५१९ मध्येच हे भाकीत खोडणारे पुस्तक लिहिले होते.

अमेरिकेतले रेडिओ प्रवचनकार हॅरल्ड कॅम्पिंग यांच्याबाबतीत आणखी सांभाळावे. ‘२१ मे २०११ ला जगाचा अंत’ असे मराठीत सर्रास छापले जाते. त्यांच्या सांगण्यानुसार २१ मेला निवडलेले विश्वासी वर घेतले जाणार होते आणि जगाचा अंत २१ ऑक्टोबरला होता. तेव्हा २१ मेसाठी ‘न्यायाचा दिवस’ आणि ऑक्टोबरसाठी ‘जगाचा अंत’ लिहावे.