साठ हजारांत पहिला कॅमेरा: २४ मेगापिक्सेल की ३२?

तुम्ही जळगावचे, बजेट साठ हजार, पक्षी टिपायचेत आणि सणवारही. आणि अडलंय ते २४ मेगापिक्सेल की ३२ यावर. मेगापिक्सेलचा विचार आजच सोडून द्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. १२ बाय १८ इंचाची उत्तम प्रिंट काढायला इंचाला ३०० ठिपके धरले तरी १९-२० मेगापिक्सेल पुरतात.

खरा प्रश्न लेन्सचा आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. पहिला कॅमेरा घेतला तेव्हा सगळे पैसे बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात घातले आणि सोबत आलेल्या १८-५५ मिमी लेन्सवर भागवलं. तोच घेऊन अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला गेलो. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, आणि उजेड म्हणाल तर जेमतेम. पहाटे होळी पेटेपर्यंत शेकडो फोटो काढले. घरी येऊन बघतो तर नाचणारा प्रत्येक माणूस हललेला. त्या रात्रीची हळहळ अजून जात नाही.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. ती लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). एफ १.८ ची साधी ५० किंवा ३५ मिमी लेन्स तिच्यापेक्षा साधारण साडेनऊ पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे शटर १/१५ सेकंद उघडं ठेवावं लागतं, तिथे १/१२५ वर काम होतं. नाचणारा पाय थांबलेला दिसतो तो एवढ्या फरकाने. अशी लेन्स सगळ्या कंपन्यांकडे असते आणि बाकी लेन्सच्या मानाने स्वस्तच असते.

पक्ष्यांचं गणित निराळं. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात ती काठापासून लांब. तिथे ३०० मिमीपेक्षा कमी लेन्स नेलीत तर फोटोत पाणीच जास्त येईल. म्हणून पक्ष्यांसाठी मी फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी पट्टी) एपीएस-सी हा लहान सेन्सर सुचवीन. त्यावर ३०० ची लेन्स साधारण ४५० इतकं जवळचं दाखवते.

दोन्ही हौशी साठ हजारांत नव्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) बसवणं कठीण आहे. मी तुमच्या जागी असतो तर वापरलेला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा घेतला असता. निकॉनचा एफ माउंट (लेन्स अडकवायची जागा) १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. जुन्या लेन्स भरपूर मिळतात. दोन्ही कंपन्यांचा भर आता मिररलेसवर आहे हे खरं, पण शिकायला आणि काढायला त्याने काही अडत नाही. निकॉनच्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसते, तेव्हा लेन्समध्ये मोटर आहे ना, एवढं विचारून घ्या. माझी वाटणी अशी: निम्म्याहून कमी पैसे बॉडीला, उरलेले दोन लेन्सना.

आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून जे फोटो केले, ते जमलं तर चाळीसगावला जाऊन एकदा बघून या. उजेडाबद्दल मी वर जे लिहिलं ते तिथे डोळ्यांना दिसेल.

बिलाशिवाय ‘इम्पोर्टेड’ माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, भारतातली वॉरंटी बहुधा मिळत नाही. वापरलेला घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे दिसतात का बघा. आणि एफ १६ ठेवून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. आपल्याकडच्या धुळीत लेन्स बदलत राहिलेला कॅमेरा असेल, तर सेन्सरवरचे काळे डाग त्या निळ्यावर लगेच उमटतील.