भावाची एफडी मोडून साइन लँग्वेजचा डिप्लोमा करू का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. आधी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई २६ वर्षांच्या, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल एक्स्पोर्टवाल्याकडे अकाउंट्स बघतात, हातात १९,००० येतात. धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर, त्याच्यामुळे साइन, म्हणजे हाताच्या खुणांची भाषा, लहानपणापासून येते. आता नोकरी सोडून मुंबईला दोन वर्षांचा साइन लँग्वेज इंटरप्रीटेशनचा, म्हणजे दुभाषाच्या कामाचा, डिप्लोमा करायचा म्हणतात, आणि पैशासाठी भावाच्या नावची ३ लाखांची एफडी मोडायची, कमी पडले तर आईचं चार तोळे सोनं आहेच. राजीनामा याच महिन्यात द्यायचाय, म्हणजे प्रॅक्टिसला वेळ मिळेल. प्रश्न एवढाच, की "सर, यात पैसा आहे का?"

कोर्स करा. एफडीला हात लावू नका, आणि राजीनामा आत्ता तर अजिबात नको. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी राजीनाम्याचं, कारण ते चटकन उरकतं. तुम्ही ७ जून २०२१ ला लागलात, म्हणजे पाच वर्षं व्हायला चार महिनेसुद्धा राहिले नाहीत. ग्रॅच्युइटी पाच वर्षांवर मिळते. तुमचं बेसिक १४,०००, हिशेब असा की बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, येतात ४०,३८४ रुपये. शिवाय पीएफ पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर टॅक्स लागू शकतो, पाच पूर्ण झाली की ती भानगड नाही. चार महिने प्रॅक्टिस करायला मिळावी म्हणून चाळीस हजार मालकाला सोडून यायचं, हे कुठलं गणित हो? जून संपू द्या, मग द्या कागद.

आता खरा खर्च. तुम्ही धरलाय फी आणि येणं-जाणं मिळून ८०,००० आणि राहणं-खाणं महिना ११,०००, म्हणजे दोन वर्षांचे ३,४४,०००. तुमची संस्था बांद्रा रेक्लेमेशनला, अली यावर जंगवाली. कोर्ससाठी निवड चांगली आहे, पण त्या भागात ११,००० मध्ये कॉट मिळाली तरी डबा बाहेर राहतो, लांब राहिलात तर लोकलचा पास आणि चहा-वडापाव. मी १३,००० धरतो. झाले ३,९२,०००. आणि तुमच्या हिशेबात एक आकडाच नाही, तो म्हणजे दर महिन्याला आईच्या हातात ठेवता ते ८,०००. तुम्ही मुंबईला गेलात म्हणून घरचा किराणा थांबणार नाहीये. दोन वर्षांचे ते १,९२,०००. वर डिप्लोमा हातात आला म्हणून पहिल्या महिन्यापासून कामं येत नसतात, म्हणून सहा महिन्यांचे २१,००० प्रमाणे १,२६,००० बाजूला लागतील. बेरीज ७,१०,०००. तुम्ही ३,४४,००० घेऊन निघाला होतात. एफडी आणि सोनं दोन्ही गेलं असतं, आणि ऐन काम शोधायच्या वेळी हात रिकामे.

यात ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, अजून धरलंच नाही. पगार २१,००० च्या आत म्हणून तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना ते लागू आहे, नोकरी सुटली की काही महिन्यांनी तेही सुटतं. वडिलांना शुगर आहे लिहिलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ते ॲडमिट होण्यासाठी, रोजच्या गोळ्यांना नाही. कार्ड काढलं नसेल तर रेशनकार्ड-आधार घेऊन याच आठवड्यात काढून टाका.

आता पैसा आहे का. बघा, मी साइनमधला माणूस नाही, पण पैशाच्या बाजूने जे दिसतं ते सांगतो. काम वाढायलंय हे खरं. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण असलेले पन्नास लाखांवर लोक मोजले गेले. इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर दिल्लीत २०१५ ला झालं, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, २०२० च्या शैक्षणिक धोरणात या भाषेचं नाव आलं, सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात एका कर्णबधिर वकील बाईंनी इंटरप्रीटरच्या मदतीने बाजू मांडली. साक्षीदार बोलू शकत नसेल तर कोर्टाने इंटरप्रीटर किंवा स्पेशल एज्युकेटर घ्यायचा आणि जबाबाचं व्हिडिओ शूटिंग करायचं, हेही कायद्यातच आहे. म्हणजे गरज कागदावर आहे. पण कागदावरची गरज आणि महिन्याच्या सात तारखेला खात्यात पडणारे पैसे यांच्यात सोलापूर ते सीएसटी एवढं अंतर असतं.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. सात रस्त्याच्या माझ्या केबिनमध्ये एक जोडपं आलं होतं, दोघंही ऐकू न येणारे, सोबत भावजय. एका आधीच्या एजंटने त्यांना पाच वर्षं हप्ते भरायची पॉलिसी एकदाच भरायची म्हणून विकली होती. मी समजावायला लागलो, भावजय हातवारे करायला लागल्या. तो माणूस मग पाच-सात मिनिटं हात हलवत होता, भुवया वर, मान हलवतोय, बायकोकडे बोट, माझ्या कागदावर बोट, एकदा तर टेबलावर हात आपटला. मी विचारलं, काय म्हणतायत? भावजय म्हणाल्या, "काही नाही, हो म्हणतोय." पाच मिनिटांचं "हो म्हणतोय"! मग मी कागदावर आकडे लिहून त्याच्यासमोर सरकवला, तेव्हा कळलं की तो विचारत होता, मी मेलो तर हिला पैसे कोण मिळवून देणार, हिला फोनवर बोलता येत नाही. नॉमिनीचा इतका नेमका प्रश्न मला ऐकू येणाऱ्या क्लायंटनी कधी विचारला नाही.

हे सांगायचं कारण, की सोलापुरात तुमची स्पर्धा दुसऱ्या इंटरप्रीटरशी नाहीच, ती या फुकटातल्या भावजयीशी आहे. बँक, दवाखाना, तहसील, सगळीकडे घरचं कोणीतरी असतं आणि ते फुकट असतं. त्यामुळे इथे गावात बसून महिना २५,००० काढीन असं धरून निघू नका. पैसे देणारे कोण? विशेष शाळा, ट्रेनिंग देणाऱ्या संस्था, मोठ्या कंपन्या, कॉन्फरन्स, व्हिडिओ बनवणारे, आणि ऑनलाइन कॉलवरचं इंटरप्रीटेशन. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी बरंचसं पुण्या-मुंबईचं, म्हणजे पहिली तीन-चार वर्षं तिकडेच काढायची तयारी हवी. समजा महिन्यात आठ दिवस काम लागलं आणि दिवसाचे २,००० मिळाले (हे माझं धरलेलं, रेट कार्ड नव्हे), तर १६,०००, आजच्या पगारापेक्षा कमी. तेच बारा दिवस लागलं तर २४,०००. आणि फ्रीलान्सचे पैसे उशिरा येतात, एकाच पार्टीकडून वर्षात ५०,००० च्या वर गेले की बहुधा १० टक्के टीडीएस कापून येतात. एवढ्या उत्पन्नावर तुम्हाला टॅक्स बसत नाही, रिटर्न भरलं की परत मिळतील, पण तोवर अडकले. अकाउंट्सवाल्या आहात, तुम्हाला हे वेगळं काय सांगायचं.

पण तुमचं अकाउंट्स हीच जमेची बाजू आहे असं मला वाटतं. जीएसटी, एफडी, क्लेम फॉर्म कळणारा आणि ते साइनमध्ये पूर्ण सांगणारा माणूस, असं कॉम्बिनेशन किती जणांकडे असेल? म्हणून करा म्हणतोय. फक्त कोर्स आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेलाच करायचा, तुम्ही निवडलाय तो आहे, नाहीतर तीन महिन्यांची सर्टिफिकेटं वाटणारे आता ढीगभर निघालेत. आणि भावाशी बोलता येतं म्हणजे आयएसएल (इंडियन साइन लँग्वेज) येते असं नाही. घरातल्या खुणा घरातच चालतात, आयएसएलची वाक्यरचना वेगळी, प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. जूनपर्यंत रविवारी भावाच्या मित्रांमध्ये जाऊन बसा, ते काय बोलतात ते मनात मराठीत लावा, आणि बरोबर लागलं का ते भावाला तपासू द्या. फुकटची परीक्षा आहे, नापास झालात तरी नोकरी शाबूत.

पैशाची सोय अशी करता येईल. ४ लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. बँक राहण्याचा खर्च सगळा धरेलच असं नाही म्हणून ३ लाख समजा. हप्ता कोर्स संपून वर्षभराने सुरू होतो, १०.५ टक्क्यांनी तोवरचं व्याज मिळवून सात वर्षांचा हप्ता सहा हजारांच्या थोडा वर जातो. मुलींना बऱ्याच बँका व्याजात थोडी सूट देतात, विचारा. उरलेले ९२,००० तुमच्या आरडीतल्या १,१०,००० मधून. पीएफचे दीड लाख तसेच पडू द्या, ते डिप्लोमानंतरच्या सहा महिन्यांसाठी. राहिले घरचे ८,०००. त्यात २,८०० गाडीचा हप्ता आहे, तो ऑक्टोबरला संपतोय, मग उरतात ५,२००. भाऊ युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईवर ९,५०० कमावतो हे तुम्हीच लिहिलंय, त्याने ३,००० जास्त घातले तर बाकीचं बरंचसं ग्रॅच्युइटीतून निघतं. ओढाताण होईल, पण सोनं कपाटात राहील. कपाटातलं सोनं हे आजारपणाचं, कोर्सचं नव्हे.

आता एफडी. ताई, राग मानू नका. मेलमध्ये भावाचा उल्लेख नऊ वेळा आहे, मी मोजला, आणि त्याला विचारलं असं एकदाही नाही. आईने विड्या वळून वळून ते पैसे त्याच्या नावावर टाकले. तो २२ वर्षांचा, बारावी झालेला, कमावता. पावतीवर सही त्याचीच लागणार, आणि तुम्ही पुढे केलेल्या कागदावर तो करेलसुद्धा, विश्वासाने. पण तुमच्या कोर्ससारखाच दुसरा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, साइन लँग्वेज शिकवण्याचा, आणि तो खास कर्णबधिर मुलांसाठी आहे, ऐकू येणाऱ्यांना त्यात जागा नाही. बारावीवर जाता येतं. त्याला त्यात जायचंय का शिलाईतच राहायचंय ते मला माहीत नाही, पण जायचं म्हटलं तर हे तीन लाख त्याचे आहेत, आणि त्याची भाषा तुमच्यापेक्षा पक्की असणार.

पावतीची मुदत १४ मार्चला संपतेय ना? त्याआधी एखाद्या शनिवारी दुपारी त्याला घेऊन या. माझ्यासमोरच्या खुर्चीत तो बसेल, तुम्ही बाजूला. मी त्याला विचारेन, तुम्ही फक्त इकडचं तिकडे सांगायचं. आणि पाच मिनिटं बोलला तर मला पाच मिनिटं ऐकवायचं.