ओपन ऑफरचं पाकीट आणि दिल्लीची हवा

या महिन्यात निवडलेल्या चारपैकी तीन पत्रांत कंपनीपेक्षा सरकारबद्दल जास्त लिहिलंय. तक्रार नाही. शेअर ट्रान्सफरच्या टेबलावर माझी अठ्ठावीस वर्षं गेली, आणि काउंटरवर सही जुळत नाही म्हणून आलेला माणूसही जाताना पंतप्रधानांना दोन सल्ले देऊन जायचा. फक्त या वेळी मी जरा तिरकी उत्तरं दिली तर रागावू नका.

ताई, माझ्याकडे एका कंपनीचे 400 शेअर आहेत. एक मोठा उद्योगसमूह ती कंपनी घेतोय आणि ओपन ऑफरचं पत्र आलंय. बाजारभाव ऑफरपेक्षा वर आहे. आम्ही चार मित्र रोज बसतो. एक म्हणतो, हा समूह सत्तेच्या जवळचा, भाव दुप्पट होणार, अजिबात देऊ नका. दुसरा म्हणतो, निवडणुकीनंतर वारं फिरलं तर कोणी विचारणार नाही, आत्ताच देऊन टाका. काय करू? — एक निवृत्त शिक्षक

सर, दोन्ही मित्रांची मतं तुम्ही सव्वा पानभर लिहिलीत. ऑफरचा भाव किती, मुदत कधी संपते, किती टक्क्यांसाठी आहे, यातलं एकही लिहिलं नाहीत. म्हणजे पाकीट फोडलंत, वाचलं नाहीत.

आधी ती टक्केवारी बघा. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या 2011 च्या नियमांनुसार एखाद्याचा हिस्सा 25 टक्क्यांवर गेला, किंवा कंपनीचा ताबा त्याच्याकडे गेला, की बाकीच्या भागधारकांना त्यांचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याची ऑफर द्यावी लागते. हीच ओपन ऑफर. पण ती किमान 26 टक्क्यांसाठी, सगळ्या शेअर्ससाठी नव्हे. हे नियम सुचवणाऱ्या अच्युतन समितीने म्हटलं होतं की बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येकाचे सगळे शेअर घ्यायला लावा. सेबीने 26 वर तडजोड केली. आता तुमच्या 400 शेअर्सचं गणित मांडा. समजा जुन्या मालकाने आपला 50 टक्के हिस्सा विकला आणि उरलेला 50 टक्के लोकांकडे आहे. सगळ्यांनीच शेअर दिले तर तुमचे 208 घेतले जातील आणि 192 परत येतील. ‘देऊन टाका’ म्हणणाऱ्या मित्राला विचारा, त्या 192 चं काय करायचं.

दुसरं, भाव. तो सूत्राने ठरतो. जुन्या मालकाला दिलेला भाव, घेणाऱ्याने गेल्या 52 आठवड्यांत मोजलेला सरासरी भाव, 26 आठवड्यांतला त्याचा सर्वांत चढा भाव, बाजारातली 60 दिवसांची सरासरी, असे आकडे काढून त्यातला सर्वांत मोठा धरायचा. सगळे मागचे आकडे. बातमी फुटल्यावर बाजार पुढे पळतो, सूत्र मागे राहतं. म्हणून ऑफर बाजारभावाच्या खाली दिसली तर त्यात लगेच कट शोधू नका.

तुमच्या पहिल्या मित्रासाठी एनडीटीव्हीची आठवण काढते. 23 ऑगस्ट 2022 ला अदानी समूहाने 29.18 टक्के हिश्शावर हक्क सांगितला आणि 26 टक्क्यांसाठी 294 रुपयांची ऑफर जाहीर केली. बाजारात भाव साडेतीनशेच्या वर होता, पुढे पाचशेही ओलांडले. त्या काळात मला आलेल्या पत्रांत राजकारणाशिवाय दुसरा विषय नव्हता. वृत्तवाहिनीचं काय होणार, तिचे संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय टिकणार की जाणार, सरकार खूश की नाराज. 294 ला शेअर देणाऱ्याला सगळे वेड्यात काढत होते. ऑफर 22 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर चालली आणि मागितलेल्या 26 टक्क्यांपैकी जेमतेम सव्वाआठ टक्के आले. डिसेंबरअखेर रॉय दांपत्याने 27.26 टक्के हिस्सा 342.65 रुपयांनी विकला. मग ऑफरमध्ये 294 ला शेअर दिलेल्यांनाही शेअरमागे 48.65 रुपये वरून देण्याचं समूहाने जाहीर केलं. जानेवारीच्या शेवटी अदानी समूहावर गैरव्यवहाराचे आरोप करणारा हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला आणि फेब्रुवारीत भाव 294 च्याही बराच खाली गेला. वेड्यात काढलेल्यांना 342.65 मिळाले, ‘दुप्पट होणार’वाले बसून राहिले. खरी मजा केली ती पाचशेला बाजारात विकून मोकळे झालेल्यांनी. ते मात्र मला कधी पत्र लिहीत नाहीत.

वरून पैसे मिळण्यामागचा नियम लक्षात ठेवा. ऑफरची मुदत संपल्यावर 26 आठवड्यांच्या आत घेणाऱ्याने जास्त भावाने शेअर घेतले तर तो फरक ऑफरमध्ये दिलेल्यांनाही मिळतो. बाजारातल्या नेहमीच्या खरेदीला हे लागू नाही. 2011 च्या आधी तर उलटं चालायचं. जुन्या मालकाला ‘पुन्हा याच धंद्यात उतरणार नाही’ या कबुलीचे म्हणून ऑफरच्या भावाच्या 25 टक्क्यांपर्यंत वेगळे पैसे देता येत. आमच्या काउंटरवर एक गृहस्थ पत्र घेऊन आले होते. त्या ओळीखाली लाल पेनने दोनदा रेघ. मला म्हणाले, “मीपण लिहून देतो, मीही या धंद्यात उतरणार नाही. मला द्या ना पंचवीस टक्के.” मी हसले, पण त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना. ती सोय आता बंद आहे. असली रक्कम दिलीच तर ती ऑफरच्या भावात धरावी लागते.

आता तुमचं. शेअर द्यायची मुदत दहा कामकाजाचे दिवस असते. एकदा दिलेला शेअर मागे घेता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी धावू नका. ऑफर हा तुमच्या खालचा आधार आहे, शेवटच्या दिवसांपर्यंत तो तिथेच राहतो. तोवर बाजारभाव वर राहिला आणि तुम्हाला बाहेरच पडायचं असेल, तर सरळ बाजारात विका. चारशेच्या चारशे जातील. भाव ऑफरच्या खाली आला तर ऑफरमध्ये द्या. ब्रोकरची स्वतःची मुदत एखादा दिवस आधी संपते, तेवढं विचारून ठेवा. आणि मुदत सुरू होण्याआधी स्वतंत्र संचालकांच्या समितीची शिफारस वर्तमानपत्रात येते. चार ओळींची रुक्ष जाहिरात असते. त्यात भाव ‘वाजवी’ म्हटलंय की नुसतं नियमात बसतो म्हटलंय, एवढं बघा.

हे सगळं करून शेअर ठेवावेसे वाटले तर जरूर ठेवा. फक्त नवा मालक हा धंदा कसा चालवेल, यावर ठरवा. त्याचा फोटो कोणाबरोबर आहे यावर मी एकदा ठरवलं होतं. दीडशे शेअर होते, नवे मालक भारी वजनदार. सहा वर्षं तो भाव मी टीव्हीखालच्या पट्टीवर बघत होते आणि यजमान काही न बोलता माझ्याकडे.

सरकारी तेल कंपनीचे शेअर आहेत. खासगीकरण होणार, ओपन ऑफर येणार म्हणून घेतले, झालं नाही. मालक सरकारच असताना आम्हा लहान भागधारकांना काही किंमत आहे का? — एक गृहिणी

इथे मात्र राजकारण बोलायलाच हवं, कारण प्रमोटर, म्हणजे मुख्य मालकच, राष्ट्रपतींच्या नावाने बसलेत.

जानेवारी 2018 मध्ये सरकारने एचपीसीएल या सरकारी तेल कंपनीतला आपला 51.11 टक्के हिस्सा ओएनजीसी या तेल काढणाऱ्या दुसऱ्या सरकारी कंपनीला 473.97 रुपये भावाने विकला. सरकारला 36,915 कोटी मिळाले आणि त्या वर्षीचं 72,500 कोटींचं निर्गुंतवणुकीचं, म्हणजे सरकारी हिस्से विकण्याचं, उद्दिष्ट पार झालं. भाव बाजारापेक्षा चढा होता. तुम्हाआम्हाला तो मिळाला का? नाही. एका सरकारी खिशातून दुसऱ्यात गेलं, ताबा बदललाच नाही, म्हणून ओपन ऑफर आली नाही. गंमत म्हणजे ओएनजीसीला आपला प्रमोटर म्हणून दाखवायला एचपीसीएलने पुढे दीडेक वर्ष लावलं. सासरी नाव लावायला इतका वेळ कोणी घेतलेला मी पाहिला नाही.

त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला अर्थमंत्र्यांनी पेट्रोल-डिझेलचं उत्पादन शुल्क लिटरमागे दीड रुपया कमी केलं आणि आणखी एक रुपया तेल कंपन्यांनी सोसावा असं सांगितलं. पाच राज्यांच्या निवडणुका तोंडावर होत्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोल-डिझेल विकणाऱ्या तिन्ही सरकारी कंपन्यांचे शेअर धाडकन पडले. वाहनचालक म्हणून तो रुपया तुम्हाला मिळाला आणि भागधारक म्हणून त्याच्या कितीतरी पट गेला. सरकारने चूक केली असं मी म्हणत नाही. निवडून आलेलं सरकार मतदाराकडे बघणारच. असा शेअर घेताना आपण दोन नंबरच्या रांगेत उभं राहतो, एवढं ठाऊक असावं.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून बीपीसीएल, म्हणजे भारत पेट्रोलियम, दिसते. तिची फरफट जुनी. 1976 मध्ये बर्मा शेलचं राष्ट्रीयीकरण होऊन ती सरकारी झाली. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, संसदेच्या कायद्याने आलेली कंपनी संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाही. तो कायदा 2016 मध्ये रद्द झाला, नोव्हेंबर 2019 मध्ये मंत्रिमंडळाने 53.29 टक्के हिस्सा विकायला मंजुरी दिली, आणि मे 2022 मध्ये सगळं गुंडाळलं. घोषणेच्या वेळी भाव पाचशेच्या वर होता, गुंडाळताना साडेतीनशेच्या खाली. मधल्या काळात लाभांश चांगला मिळाला हेही खरं, तो हिशेबात धरा. विकत घेणारा आला असता तर ओपन ऑफर आली असती, हा तुमचा अंदाज बरोबर होता. पण मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे विक्री नव्हे. लग्न ठरल्याच्या बातमीवर तुम्ही आहेर देऊन मोकळ्या झालात.

माझी कंपनी ज्या पक्षाला देणगी देते त्याला मी उभ्या आयुष्यात मत दिलेलं नाही. माझ्या पैशातून हे कसं चालतं? थांबवता येईल का? — एक बँक कर्मचारी

थांबवता येणार नाही, विचारता येईल.

कंपनी कायद्याच्या कलम 182 नुसार देणगीचा ठराव संचालक मंडळ करतं, भागधारकांचं मत लागत नाही. सरकारी कंपनी आणि तीन वर्षं पूर्ण न झालेली कंपनी देणगी देऊ शकत नाही. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के ही मर्यादा 2017 मध्ये काढून टाकली होती, आणि कोणत्या पक्षाला दिले हे हिशेबात लिहिण्याचं बंधनही. निवडणूक रोख्यांच्या काळात ताळेबंदात नुसता आकडा दिसायचा. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि ते बदलही रद्द केले. निकालात एक मुद्दा तुमच्या कामाचा आहे: तोट्यातल्या कंपनीलाही वाटेल तेवढी देणगी देऊ देणं न्यायालयाला मनमानी वाटलं.

तेव्हा वार्षिक अहवाल उघडा, नफातोटा पत्रकाच्या टिपांमध्ये देणगी शोधा. पैसे इलेक्टोरल ट्रस्टकडे, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेकडे, गेले असतील तर तिथे पक्षाऐवजी ट्रस्टचं नाव दिसेल. मग वार्षिक सभेसाठी वक्ता म्हणून आधी नाव नोंदवा. मी कित्येक सभांमध्ये माइक घेऊन खुर्च्यांमधून पळाले आहे. दहातले सात जण अध्यक्षांची स्तुती करतात, दोघे बोनस मागतात, एखादा विसरून आपल्या डुप्लिकेट सर्टिफिकेटचं गाऱ्हाणं सांगतो. पक्षावर भाषण केलंत तर अध्यक्ष हसून आभार मानतील. “टीप क्रमांक अमुक, रक्कम अमुक, मंडळाने कोणत्या तारखेला ठराव केला आणि कंपनीला याचा काय उपयोग?” असं विचारलंत तर चिटणीसांना कागद चाळावे लागतात. तो आवाज मला अजून आठवतो.

लहान भागधारकांचा संचालक निवडण्याची सोय कलम 151 मध्ये आहे. हजार लहान भागधारकांनी, किंवा अशांपैकी एक दशांशांनी, जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी, नोटीस द्यायची. ‘लहान’ म्हणजे 20,000 रुपयांपर्यंतचे शेअर, पण दर्शनी, म्हणजे शेअरवर छापलेल्या, किमतीने. एक रुपया दर्शनी किमतीचा शेअर बाजारात दोन हजारांना असेल, तर चार कोटींचा धनीही कायद्याने लहानच! तुम्ही आम्ही तर सूक्ष्म.

दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीला नवा मालक मिळाला. आता मलाही ऑफर येईल ना? नवा मालक तगडा आहे, म्हणून आणखी शेअर घेणार आहे. — एक वाचक

नाही. दिवाळखोरी कायद्याखाली मंजूर झालेल्या योजनेला ओपन ऑफरचा नियम लागू नाही. गृहकर्ज देणारी डीएचएफएल 2021 मध्ये पिरामल समूहाकडे गेली तेव्हा जुन्या भागधारकांना शून्य मिळालं. खाद्यतेलाची रुची सोया पतंजलीकडे गेली तेव्हा जुन्या शंभर शेअर्सचा एक झाला. त्यामुळे तुमच्या कंपनीच्या योजनेत जुन्या शेअर्सचं काय लिहिलंय ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरच्या तिच्या घोषणेत वाचा, आणि ते वाचेपर्यंत ‘नवा मालक तगडा आहे’ म्हणून आणखी घेऊ नका. पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही तसं म्हटलंय, म्हणून हे उत्तर घाईने छापायला दिलंय.